बदली वादक

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आमच्या एकांकिकेतला एक नट तापाने आडवा झाला. मी बदली नट. सगळ्या तालमींना हजर, संवाद तोंडपाठ. सरांनी विचारले आणि मी नाही म्हणालो. दुसऱ्यासाठी बसवलेली भूमिका उसनी कशाला घ्यायची, असा ताठा मी दाखवला. खरे म्हणजे भीती वाटली होती. एकांकिका रद्द झाली.

पुढे सुटीत मामाच्या जुन्या तबकड्यांत ‘मिस्टर मॅजिक’ सापडली. वादक ग्रोव्हर वॉशिंग्टन, ज्युनिअर. त्यांची हकीकत वाचली आणि मला माझीच लाज वाटली.

त्यांचा जन्म १२ डिसेंबर १९४३ चा, अमेरिकेतील बफेलो शहरातला. आई चर्चमध्ये गाणारी, वडील स्वतः सॅक्सोफोन वाजवणारे. मुलगा आठ-दहा वर्षांचा असतानाच वडिलांनी त्याच्या हाती सॅक्सोफोन दिला. पुढे सैन्यात भरती व्हावे लागले. तिथे बिली कोभम हे ड्रमवादक भेटले आणि त्यांच्यामुळे न्यूयॉर्कच्या कलावंतांशी ओळखी झाल्या. सैन्यातून सुटल्यावर फिलाडेल्फियात बिऱ्हाड केले. ऑर्गनवादकांच्या ध्वनिमुद्रणांत ते साथ करीत; नाव मात्र मुखपृष्ठावर दुसऱ्याचे असे.

१९७१ साली निर्माते क्रीड टेलर यांनी हँक क्रॉफर्ड या नामवंत वादकासाठी ध्वनिमुद्रण ठरवले होते. क्रॉफर्ड येऊ शकले नाहीत. वॉशिंग्टन मुख्यतः टेनर सॅक्सोफोन वाजवणारे. पण दुसऱ्यासाठी योजलेल्या त्या बैठकीत ते आल्टो घेऊन उभे राहिले. त्यातून ‘इनर सिटी ब्लूज’ ही त्यांची स्वतःच्या नावाची पहिली तबकडी निघाली.

‘मिस्टर मॅजिक’ आली १९७५ साली. न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित झाली. संगीत-संयोजन बॉब जेम्स यांचे. रचना अवघ्या चार. शीर्षक-रचना राल्फ मॅकडोनाल्ड व विल्यम सॉल्टर यांची, सुमारे नऊ मिनिटांची. फंक संगीतात पहिल्या मात्रेवर जोर असतो, जणू समच. तबल्याच्या एकलवादनात लेहरा जसा फिरत राहतो, तसा इथे बास गिटारचा एक छोटा तुकडा फिरत राहतो. त्यावर सॅक्सोफोन घाई न करता बोलू लागतो. आधी दोन-चार स्वर, मग थोडे मौन, मग हळूहळू चढण. जॅझच्या काही जाणकारांना हे हलके वाटले. श्रोत्यांना तसे वाटले नाही. जॅझ आणि सोल या दोन्ही याद्यांत तबकडी पहिली आली, पॉपच्या यादीत दहावी. १९८० च्या ‘वाइनलाइट’ने तर त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळवून दिले.

१७ डिसेंबर १९९९ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका दूरदर्शन कार्यक्रमासाठी चार रचना वाजवून ते विश्रांतिकक्षात आले आणि कोसळले. हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. छप्पन्नावा वाढदिवस होऊन जेमतेम पाच दिवस झाले होते.

मित्रहो, त्यांना नशीबवान म्हणणे सोपे आहे. क्रॉफर्ड आले नाहीत हे नशीब खरे. पण आठ-दहा वर्षांच्या वयापासूनचा रियाज नशिबाने केला नव्हता. आणि हाक आल्यावर हो म्हणण्याचे धैर्यही त्यांचेच. तयारी माझीही होती. कमी पडले ते ‘हो’.

यंदाच्या एकांकिकेची यादी फलकावर लागली आहे. बदली नटाच्या जागेवर मी माझे नाव लिहून आलो आहे.