पाचूचे कुळ ओळखणारा विणकराचा मुलगा

पाचू म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो त्याचा हिरवागार रंग. जुन्या काळी कितीतरी वेगवेगळे हिरवे खडे पाचूच्याच नावाने खपत. दिसेल तो रंग खरा मानायचा, ही माणसाची जुनी खोड. ती मोडून पाचूला त्याचे खरे घराणे मिळवून देण्यात मोठा वाटा होता रने झ्युस्त आउई या फ्रेंच धर्मगुरूंचा.

आउई यांचा जन्म २८ फेब्रुवारी १७४३ रोजी उत्तर फ्रान्समधल्या एका लहान गावी, गरीब विणकराच्या घरी झाला. गावातल्या मठाच्या प्रमुखांनी या मुलाची हुशारी हेरली आणि शिक्षणासाठी तो पॅरिसला पोहोचला. पुढे धर्मदीक्षा घेऊन आउई तिथेच एका महाविद्यालयात शिकवू लागले.

असे सांगतात, की एका मित्राचा खनिजसंग्रह पाहताना त्यांच्या हातून कॅल्साइटचा सुंदर स्फटिक पडून फुटला. दुसरा कोणी ओशाळून गप्प बसला असता. आउई मात्र तुकड्यांकडे पाहतच राहिले. सहा बाजूंच्या त्या स्फटिकातून निघालेले तुकडे तिरक्या चौकोनी ठोकळ्यांसारखे होते. घरी येऊन त्यांनी स्वतःजवळचे कॅल्साइटचे स्फटिक फोडले. वरचा आकार कसाही असो, आतली घडण तीच! त्यांची थोडी टिंगलही झाली; पण १७८३ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने त्यांना सदस्य करून घेतले.

मग राज्यक्रांतीचे वादळ आले. नव्या राजवटीने सांगितलेली शपथ धर्मगुरू आउई यांनी घेतली नाही. १७९२ च्या ऑगस्टमध्ये त्यांना कैद झाली. त्यांच्या सुटकेसाठी धावपळ केली ती एत्येन झॉफ्रवा सँतिलेर या अवघ्या वीस वर्षांच्या शिष्याने. आउई सुटले आणि सप्टेंबरच्या आरंभी त्याच कैदखान्यातल्या अनेक धर्मगुरूंची कत्तल झाली. क्रांतीने अंगावरचा झगा पाहिला होता. शिष्याने आतला माणूस ओळखला होता.

वाचलेल्या या आयुष्यातच पाचूचे कोडे सुटले. बेरिल नावाचे खनिज आणि पाचू यांत काहीतरी नाते असावे, अशी शंका पूर्वीपासून होती. आउई यांना दोघांचे षट्कोनी स्फटिक अगदी एकाच घडणीचे दिसले. त्यांनी रसायनशास्त्रज्ञ व्होकलँ यांना दोन्ही तपासायला सांगितले. १७९८ मध्ये उत्तर मिळाले : दोन्हींत एकच, तोवर कोणालाही माहीत नसलेले द्रव्य होते. त्यातल्या मूलद्रव्यालाच आज आपण बेरिलियम म्हणतो.

म्हणजे पाचू हे वेगळे खनिज नव्हेच. तो बेरिलचा हिरवा भाऊ. बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन ही दोघांची समान पुंजी. शुद्ध बेरिल रंगहीन असते. त्यात क्रोमियमचा किंवा व्हॅनेडियमचा अंश मिसळला की पाचू होतो, लोहाचा मिसळला की फिकट निळा अॅक्वामरीन. गंमत अशी, की हेच क्रोमियम कुरुंद या खनिजात शिरले तर लाल माणिक तयार होते! रंग हा पाहुणा. खनिजाची ओळख ठरते ती घटकद्रव्ये आणि त्यांची आतली मांडणी यांवरून.

१८०१ मध्ये आउई यांचा खनिजशास्त्रावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे धाकटे बंधू व्हालँतँ यांनी पॅरिसमध्ये अंध मुलांसाठी शाळा काढली होती आणि उठावाच्या अक्षरांवरून बोटे फिरवून त्यांना वाचायला शिकवले होते. याच शाळेत १८१९ मध्ये लुई ब्रेल दाखल झाला. विणकराच्या घरातले हे दोन भाऊ. एकाने डोळ्यांना दिसणाऱ्या रंगापलीकडे पाहिले, दुसऱ्याने डोळ्यांवाचून वाचायला शिकवले.

जून १८२२ मध्ये आउई पॅरिसमध्ये निवर्तले. सराफाच्या पेढीवरचा पाचू आजही रंगानेच मन मोहतो, आणि मोहावाच. पण त्याचे कुळ सांगायचे, तर रंगाच्या आतच डोकवावे लागते.