योगाची पारख

बडोद्याच्या रुग्णालयात १९२०-२१ या काळात एक आगळाच प्रयोग चालला होता. क्ष-किरणांच्या यंत्रापुढे जो तरुण उभा होता तो रोगी नव्हता; चांगला धट्टाकट्टा होता. त्याने छातीतील सारा श्वास बाहेर सोडला, आणि पोट पाठीच्या कण्याकडे असे आत ओढून घेतले की बरगड्यांखाली खोल खळगा पडला. हा उड्डियान बंध. हठयोगाच्या ग्रंथांत त्याचे माहात्म्य पुष्कळ सांगितले आहे; परंतु तो करीत असता शरीराच्या आत काय घडते, हे त्या दिवसांत डोळ्यांनी पाहण्याची खटपट कोण करणार?

ती करणारे गृहस्थ वैद्य नव्हते की डॉक्टर नव्हते. ते अध्यापक होते. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने सर्वांना परिचित झाले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरची गरिबी होती. पण बुद्धी तल्लख. १९०३ मध्ये मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतासाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे बडोद्यास जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे त्यांनी देशी व्यायामाचे धडे घेतले. लोकमान्य टिळक आणि अरविंद घोष यांच्या विचारांनी त्या पिढीला भारून टाकले होते. गुणे यांनीही आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा निश्चय केला, खानदेशात अमळनेर येथे शिक्षणाचे कार्य पत्करले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

नर्मदेच्या काठी मालसर येथे परमहंस माधवदास नावाचे एक वृद्ध बंगाली योगी राहत असत. १९१९ मध्ये गुणे त्यांच्याजवळ गेले. गुरूंनी दिलेली साधना ते निष्ठेने करू लागले आणि तिचे परिणाम त्यांना स्वतःच्या देहात व मनात जाणवू लागले. दुसरा एखादा शिष्य एवढ्यावर तृप्त झाला असता. गुणे यांची श्रद्धा दृढ होती, पण बुद्धी स्वस्थ बसू देईना. आपल्याला जो अनुभव येतो त्याचे कारण काय? तो केवळ मनाचा खेळ तर नव्हे? यंत्रांनी विरुद्ध कौल दिला असता तर जी साधना त्यांनी जिवापाड जपली होती तिच्यावरच प्रश्नचिन्ह उभे राहिले असते. तरीही त्यांनी ती यंत्रांपुढे नेली. खऱ्या सोन्याच्या धन्याला कसोटीच्या दगडाचे भय वाटत नाही असे आपण सहज म्हणतो. परंतु दगडावर सोने घासण्यापूर्वी त्याच्याही छातीत धडधडतेच.

बस्ती या क्रियेसंबंधी त्यांनी केलेला शोध मोठा बोधप्रद आहे. या क्रियेत साधक पाण्यात बसून नळीवाटे पाणी आतड्यात ओढून घेतो आणि आतडे धुऊन काढतो. पाणी वर चढते ते कशामुळे, याचा नीट उलगडा झालेला नव्हता. गुणे यांनी पाऱ्याच्या दाबमापकाने आतड्यातील दाब मोजला. साधक पोटाचे स्नायू मध्यभागी उभे करून नौली करू लागला की मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होई. तेथे अंशतः पोकळी निर्माण होई. पिचकारीचा दट्ट्या ओढला म्हणजे पाणी जसे आत शिरते, तसेच हे. चमत्कार उरला नाही, क्रिया मात्र खरी ठरली. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचे नाव दिले.

१९२३ मध्ये इंग्रज सरकारच्या रोषामुळे अमळनेरचे महाविद्यालय बंद पडले. हातचे काम गेले. पण पुढच्याच वर्षी, १९२४ च्या ऑक्टोबरात, त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रम स्थापन केला. आश्रम म्हटला की पर्णकुटी व धुनी डोळ्यांपुढे येतात. येथे ध्यानधारणा होती, तशीच प्रयोगशाळाही होती. त्याच वर्षी त्यांनी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी त्रैमासिक सुरू केले. प्रयोग कसा केला आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे त्यात ते सविस्तर मांडीत. गुप्त राखावयाची म्हणून सांगितलेली विद्या अशी छापून सर्वांच्या हाती देणे, हे त्या काळी लहान धाडस नव्हते.

रोगी येऊ लागले, जिज्ञासू येऊ लागले. महात्मा गांधींनीही १९२७ मध्ये प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता. मुंबईस त्यांनी योगोपचाराचे केंद्र काढले, शिक्षक तयार केले, आसने व प्राणायाम यांवर पुस्तके लिहिली. आसनांनी शरीर स्थिर व्हावे, प्राणायामाने श्वास संथ व्हावा आणि मग मनाने ध्यानात शांत बसावे, हा क्रम त्यांनी कधी सोडला नाही. केवळ दंड पिळदार करण्यासाठी योग नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण पोट बिघडलेल्या व झोप उडालेल्या माणसाला आधी समाधीच्या गोष्टी सांगून भागत नाही, हेही त्यांना कळत होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी देह ठेवला, तेव्हा लोणावळ्याच्या त्या आश्रमाचे बेचाळीसावे वर्ष चालू होते.