विल्यम फ्रूड: मेणाच्या जहाजावरून खऱ्या जहाजाचं गणित मांडणारा इंजिनियर

यूट्यूबवर रिमोटवर चालणाऱ्या मोठ्या जहाजांच्या मॉडेलचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. मूळ आराखड्यावरून महिनोन्‌महिने खपून बनवलेलं, प्रत्येक खिळा जागच्या जागी असलेलं जहाज. फोटोत ते अगदी खरं वाटतं. पण तळ्यात सोडून वेग वाढवला की लगेच कळतं, हे खेळणं आहे. लाटा चुकीच्या दिसतात, जहाज बदकासारखं डुलतं.

असं का होतं? आकार तर तंतोतंत बरोबर आहे, मग चुकतंय काय?

या प्रश्नाचं व्यवहारात वापरता येईल असं उत्तर दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका माणसाने शोधलं. त्याचं नाव विल्यम फ्रूड. इंजिनियरिंग केलेल्यांना फ्लुइड मेकॅनिक्समधला 'फ्राउड नंबर' आठवत असेल. मीही तो सूत्र म्हणून पाठ केला, पेपरात लिहिला आणि विसरलो. नावाचा खरा उच्चार 'फ्रूड' आहे, हे मला नोकरी लागल्यावर कळलं. त्या सूत्रामागे किती मोठा वाद होता, हे तर त्याहूनही उशिरा.

रेल्वेतून जहाजाकडे

फ्रूड यांचा जन्म १८१० साली इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या डार्टिंग्टन इथे झाला. वडील धर्मगुरू. धाकटा भाऊ जेम्स अँथनी पुढे नामवंत इतिहासकार झाला. विल्यम यांनी ऑक्सफर्डमधून गणितात पहिला वर्ग मिळवला आणि ते रेल्वेच्या कामात शिरले. १८३७ च्या सुमारास ते इझांबार्ड किंग्डम ब्रुनेल या त्या काळातल्या सुपरस्टार इंजिनियरच्या हाताखाली ब्रिस्टल-एक्झेटर रेल्वेवर काम करू लागले. सरळ रुळावरून गाडी एकदम वळणात शिरली तर धक्का बसतो, म्हणून वळण हळूहळू कसं सुरू करायचं याचं गणित त्यांनी तिथे मांडलं.

१८४६ साली मात्र आजारी वडिलांकडे बघण्यासाठी त्यांनी हे काम सोडलं. वय फक्त ३६. करिअर संपल्यात जमा, असंच कुणालाही वाटलं असतं.

दहाएक वर्षांनी ब्रुनेल यांनीच त्यांना परत कामाला लावलं. ब्रुनेल तेव्हा 'ग्रेट ईस्टर्न' नावाचं ६९२ फूट लांबीचं अवाढव्य जहाज बांधत होते. एवढं मोठं जहाज लाटांवर किती डोलेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. फ्रूड यांनी या प्रश्नावर काम करून १८६१ मध्ये निबंध वाचला. त्याचं सार झोपाळ्याच्या उदाहरणाने समजतं. झोपाळ्याला त्याच्या तालात छोटे छोटे धक्के दिले तरी तो उंच जातो. जहाजाचाही स्वतःचा एक ताल असतो. लाटांचा ताल त्याच्याशी जुळला की साध्या लाटाही जहाजाला धोकादायक डोलवू शकतात.

'हंस' आणि 'डोमकावळा'

यानंतर फ्रूड दुसऱ्या प्रश्नाकडे वळले. पाणी जहाजाला किती अडवतं? म्हणजेच, ठरावीक वेगासाठी किती ताकदीचं इंजिन लागेल?

हा प्रश्न थेट पैशाचा होता. जहाज बांधून झाल्यावर वेग कमी भरला तर सगळा खर्च पाण्यात. छोटं मॉडेल पाण्यात ओढून अंदाज घ्यायचे प्रयत्न आधीही झाले होते, पण आकडे खऱ्या जहाजाशी जुळत नसत. त्यामुळे मॉडेल म्हणजे पोरखेळ, असंच बहुतेक जाणकारांचं मत बनलं होतं. जॉन स्कॉट रसेल यांच्यासारखा मोठा जहाजबांधणी तज्ज्ञही याच मताचा होता.

फ्रूड यांनी १८६७ मध्ये दोन वेगवेगळ्या आकारांची मॉडेल बनवली. एकाची टोकं गोलसर, त्याचं नाव 'स्वान' म्हणजे हंस. दुसऱ्याची टोकं टोकदार, त्याचं नाव 'रेव्हन' म्हणजे डोमकावळा. दोन्ही आकार त्यांनी ३, ६ आणि १२ फूट अशा तीन मापांत बनवले आणि घराजवळच्या डार्ट नदीत वाफेच्या छोट्या बोटीने ओढून पाहिले.

सगळ्यांना वाटायचं, टोकदार जहाज कधीही भारीच असणार. कमी वेगात तसंच झालं. पण वेग वाढल्यावर गोलसर 'स्वान'लाच पाणी कमी अडवू लागलं! म्हणजे सगळ्या वेगांना चालणारा एकच आदर्श आकार नसतो.

त्याहून मोठी गोष्ट लाटांमध्ये दिसली. ३ फुटी आणि १२ फुटी मॉडेल एकाच वेगाने ओढली तर लाटांची नक्षी वेगळी. पण १२ फुटी मॉडेल छोट्याच्या दुप्पट वेगाने ओढलं की दोन्हींची नक्षी हुबेहूब सारखी. लांबी चौपट, वेग दुप्पट. म्हणजे वेग लांबीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढवावा लागतो.

सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. लांबी १६ पट लहान केली तर वेग १६ नाही, ४ पट कमी करायचा. १२ नॉटने जाणाऱ्या जहाजाचं १/१६ स्केलचं मॉडेल ३ नॉटने, म्हणजे साधारण भरभर चालणाऱ्या माणसाच्या वेगाने न्यायचं. तरच त्याच्या लाटा खऱ्या जहाजासारख्या दिसतात.

हे तत्त्व फर्डिनांड रीच या फ्रेंच अभ्यासकाने आधीच मांडलं होतं. पण त्यातून चालणारी पद्धत उभी केली ती फ्रूड यांनी.

एक रोध नाही, दोन

पद्धत उभी करताना फ्रूड यांनी ओळखलं की पाण्याचा रोध म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची बेरीज आहे. जहाज लाटा उठवतं, त्यात जाणारी ताकद एक. पाणी जहाजाच्या अंगाला घासतं, ते घर्षण दुसरं. लाटांचा हिस्सा वरच्या नियमाने मोठा करता येतो: १/१६ मॉडेल असेल तर १६ चा घन, म्हणजे ४०९६ पट. घर्षण मात्र हा नियम पाळत नाही. आधीचे लोक दोन्ही एकत्र गुणत होते, म्हणून आकडे चुकत होते.

मग उपाय काय?

१. मॉडेल ओढून एकूण रोध मोजा.
२. त्यातून मॉडेलचं घर्षण वजा करा.
३. उरलेला लाटांचा रोध नियमाने मोठा करा.
४. त्यात खऱ्या जहाजाचं घर्षण वेगळं काढून मिळवा.

घर्षणाचे आकडे मिळवण्यासाठी त्यांनी पातळ फळ्या पाण्यात उभ्या धरून ओढल्या. काही फळ्या ५० फूट लांब. कुणावर वॉर्निश, कुणावर मेण, कुणावर कापड, तर कुणावर वाळू. कंटाळवाणं काम, पण त्याशिवाय वरची दुसरी आणि चौथी पायरी शक्यच नव्हती.

घराशेजारची टाकी

१८६९ मध्ये ब्रिटनमधल्या एका मोठ्या विज्ञान संस्थेच्या समितीने या विषयावर अहवाल दिला. खऱ्या जहाजांवरच प्रयोग करा, अशी शिफारस होती. समितीत फ्रूडही होते आणि त्यांनी इतरांपेक्षा वेगळं मत नोंदवलं. नौदलाचे मुख्य जहाज रचनाकार एडवर्ड रीड यांना मात्र त्यांचं म्हणणं पटलं होतं. १८७० मध्ये नौदल खात्याने २००० पौंड मंजूर केले. फ्रूड यांनी स्वतःसाठी पगार घेतला नाही.

टॉर्की गावात घराजवळच त्यांनी २७८ फूट लांब, ३६ फूट रुंद आणि १० फूट खोल टाकी बांधली. वर छप्पर, पाण्यावरून जाणारे रूळ आणि त्यांवर वाफेच्या इंजिनाने ओढली जाणारी गाडी. गाडीखाली मॉडेल, आणि रोध किती हे कागदावर आपोआप रेषेने उमटायचं. आजच्या भाषेत, डेटा लॉगर! १८७२ मध्ये इथे प्रयोग सुरू झाले.

मॉडेल पॅराफिन मेणाची असत. मेण पाणी शोषत नाही, सहज कापता येतं, आणि काम झालं की वितळवून नवं मॉडेल ओतता येतं. आकार देण्यासाठी फ्रूड यांनी खास यंत्र बनवलं. माणूस जहाजाच्या मूळ आराखड्यावरची रेष गिरवायचा आणि यंत्राची दोन पाती मेणात दोन्ही बाजूंना तीच रेष कापायची. एक थर झाला की पुढचा. शेवटी पायऱ्यांसारख्या राहिलेल्या कडा हाताने खरवडून गुळगुळीत करायच्या. ३डी प्रिंट घासून साफ केली असेल, तर हे काम तुम्हाला ओळखीचं वाटेल.

खऱ्या जहाजाची परीक्षा

मॉडेलचे आकडे खरे आहेत हे सिद्ध कसं करायचं? १८७१ मध्ये नौदलाने 'ग्रेहाउंड' हे १७२ फुटी जहाजच प्रयोगासाठी दिलं. 'ॲक्टिव्ह' नावाच्या दुसऱ्या जहाजाने ते ओढलं. पण मागून ओढलं असतं तर पुढच्या जहाजाने ढवळलेल्या पाण्यात मोजमाप बिघडलं असतं. म्हणून 'ॲक्टिव्ह'च्या बाजूला ४५ फुटी दांडा काढून त्यावरून दोर बांधला. ताण मोजणारं यंत्र फ्रूड यांचंच.

नंतर टाकीत १/१६ स्केलच्या मॉडेलवर तेच प्रयोग झाले. खऱ्या जहाजाचा आलेख आणि मॉडेलवरून काढलेला आलेख जवळजवळ एकसारखे निघाले. थोडा फरक होता, आणि त्याचं कारण तळाच्या जुन्या तांब्याच्या पत्र्यांचा खडबडीतपणा, हेही त्यांनी आपल्या फळ्यांच्या आकड्यांवरून दाखवलं. वाद मिटला.

अंदाजाची किंमत पैशापुरती नसते, हे याच काळात देशाला कळलं होतं. सप्टेंबर १८७० मध्ये 'कॅप्टन' ही नवी युद्धनौका वादळात उलटली आणि सुमारे ४८० माणसं बुडाली. ती चूक रोधाची नव्हती, स्थिरतेची होती. त्यानंतर युद्धनौकांचे आराखडे तपासायला नेमलेल्या समितीत फ्रूड होते. जहाजाच्या तळाशी दोन्ही बाजूंना पट्ट्या लावल्या तर डोलणं कमी होतं, हेही त्यांनी खऱ्या जहाजांवर दाखवून दिलं. अशा पट्ट्या आजही जहाजांना असतात.

१८७८ मध्ये पत्नी कॅथरीन वारल्या. त्यानंतर विश्रांतीसाठी फ्रूड नौदलाचे पाहुणे म्हणून सागरी प्रवासाला निघाले. दक्षिण आफ्रिकेत सायमन्स टाऊन इथे आजारी पडून ४ मे १८७९ रोजी ते गेले. नौदलाने मानवंदना देऊन त्यांचं तिथेच दफन केलं. टाकीचं काम मुलगा एडमंडने पुढे नेलं.

आज आपल्याकडे

आज विशाखापट्टणमची नौदलाची प्रयोगशाळा, आयआयटी खरगपूर आणि आयआयटी मद्रास इथे अशा टाक्या आहेत. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासून असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांची आणि धरणांची मॉडेल बनतात, तिथेही हाच नियम लागतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे सिम्युलेशन सुंदर दिसलं की लोक विश्वास ठेवून मोकळे होतात. फ्रूड मला म्हणूनच आवडतात. मॉडेल दिसायला खरं असणं त्यांना पुरेसं नव्हतं. कुठली गोष्ट किती पटीने बदलते हे त्यांनी शोधलं, आणि शेवटी खरं जहाज ओढून स्वतःचं उत्तर तपासलं.

घरी करून बघा: १/१६ स्केलचं मॉडेल असेल, तर ते पाण्यात चालवून फोनवर १२० फ्रेम्सच्या स्लो मोशनमध्ये शूट करा आणि ३० फ्रेम्सने चालवा. म्हणजे बरोबर ४ पट हळू, १६ चं वर्गमूळ. मॉडेलचा वेग बरोबर ठेवला असेल, तर खेळण्यातलं जहाज एकदम हजार टनांचं वाटू लागेल.