क्रुयाचा गड आणि स्कांदरबेग

अल्बानियाची राजधानी तिराना मागे टाकून उत्तरेकडे निघाले की, थोड्याच अंतरावर डोंगराच्या कडेवर वसलेले क्रुया दिसू लागते. गावालगतच्या खडकावर जुन्या तटाचे अवशेष आणि एक एकाकी बुरूज उभा आहे. हवा स्वच्छ असेल तर तेथून थेट अॅड्रियाटिक समुद्रापर्यंत नजर पोहोचते. गडकोटांच्या मुलुखात वाढलेल्या मराठी वाचकाला अशा जागेचे मोल वेगळे सांगावयास नको. याच खडकाच्या आधाराने एका पुरुषाने सुमारे पंचवीस वर्षे बलाढ्य उस्मानी साम्राज्याला थोपवून धरले. त्याचे नाव जेर्ज कास्त्रिओती. इतिहास त्याला स्कांदरबेग म्हणून ओळखतो.

त्याचा जन्म १४०५ च्या सुमारास झाला. वडील जोन कास्त्रिओती हे डोंगराळ प्रदेशातील एक सरदार. सुलतानाचे मांडलिकत्व पत्करल्यावर निष्ठेची हमी म्हणून मुलगा ओलीस देणे त्यांना भाग पडले. एदिर्नेच्या दरबारात जेर्जने इस्लाम स्वीकारला, युद्धविद्या आत्मसात केली आणि पराक्रमही गाजवला. तेथेच त्याला इस्कंदर, म्हणजे अलेक्झांडर, हे नाव मिळाले. पुढे त्याला बेग हा किताब जोडला गेला. ज्या फौजेविरुद्ध त्याला आयुष्यभर लढायचे होते, तिची बलस्थाने आणि उणिवा तो अशा रीतीने आतूनच शिकला.

नोव्हेंबर १४४३ मध्ये निश येथे हंगेरियन सेनेशी झालेल्या लढाईत उस्मानी फौजेची पीछेहाट होताच तो सुमारे ३०० अल्बानियन स्वारांसह बाहेर पडला. सुलतानाच्या नावाचे बनावट पत्र दाखवून त्याने क्रुयाचा ताबा मिळवला, असे परंपरा सांगते. २८ नोव्हेंबर रोजी गडावर त्याच्या घराण्याचे दुतोंडी गरुडाचे निशाण चढले आणि तो पुन्हा ख्रिस्ती झाला.

मात्र एक गड म्हणजे राज्य नव्हे, हे तो जाणून होता. परस्परांत भांडणाऱ्या सरदारांना त्याने मार्च १४४४ मध्ये लेझ येथे एकत्र आणले. त्याच वर्षी जूनमध्ये तोर्व्हिओल येथे त्यांच्या संयुक्त सेनेने उस्मानी फौजेचा पराभव केला.

त्याच्या युद्धपद्धतीची खरी कसोटी १४५० मध्ये लागली. सुलतान दुसरा मुराद तोफा घेऊन जातीने क्रुयावर चालून आला. स्कांदरबेगने गडावर किल्लेदार व्रानाच्या हाताखाली जेमतेम दीड-दोन हजारांची शिबंदी ठेवली आणि स्वतः मुख्य सैन्यासह बाहेरच्या डोंगरांत राहिला. वेढा घालणाऱ्यांवर अवचित छापे घालणे, त्यांची रसद तोडणे, त्यांना स्वस्थ झोपू न देणे, हे काम त्याने महिनोन् महिने केले. आपल्याकडे यालाच गनिमी कावा म्हणतात. थंडी तोंडावर येताच ऑक्टोबरमध्ये मुरादने वेढा उठवला. गड तटांनी तर राखलाच, पण त्याहून अधिक तो भोवतालच्या डोंगरांनी राखला.

या यशाला काळी किनारही होती. शेजारच्या व्हेनिसशी त्याचे युद्ध झाले. १४४८ मध्ये स्वेतिग्रादचा किल्ला हातचा गेला. पुढे नेपल्सचा राजा अल्फोन्सो याची मदत मिळाली, तरी १४५५ मध्ये बेरातच्या वेढ्यात त्याची हजारो माणसे कापली गेली. सर्वांत जिव्हारी घाव घरातूनच आला : निशपासून सोबत असलेला पुतण्या हमजा सुलतानाला जाऊन मिळाला. सप्टेंबर १४५७ मध्ये उयबार्धाच्या रणांगणावर काकाने पुतण्याला कैद केले. लढाई जिंकली, पण एकीला गेलेला तडा बुजला नाही.

कॉन्स्टॅन्टिनोपलचा विजेता दुसरा मेहमेद १४६६ मध्ये क्रुयावर आला. गड पडत नाही असे पाहून त्याने दक्षिणेस एल्बासान येथे स्वतःचा किल्ला बांधला. वृद्ध स्कांदरबेग मदत मागण्यासाठी रोमला गेला. आश्वासने भरपूर मिळाली, पैसा थोडा. तरीही १४६७ मध्ये त्याने वेढा मोडून काढला, आणि त्याच वर्षीचा पुढचा वेढाही निष्फळ ठरला. १७ जानेवारी १४६८ रोजी लेझ येथे हिवतापाने त्याचा अंत झाला.

त्यानंतर दहा वर्षांनी, १४७८ मध्ये, क्रुया पडले. तट तेच होते, खडक तोच होता. परंतु बाहेरच्या डोंगरांतून छापे घालणारे कोणी उरले नव्हते. वर्षभराच्या उपासमारीनंतर शिबंदीने दरवाजे उघडले. पुढच्याच वर्षी व्हेनिसने तहात शकोद्राचा किल्लाही सोडून दिला.

त्याचे निशाण मात्र विस्मृतीत गेले नाही. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी, क्रुयावर ते चढल्याच्या तारखेलाच, व्लोरा येथे अल्बानियाचे स्वातंत्र्य घोषित झाले. तोच गरुड आज राष्ट्रध्वजावर आहे आणि १९८२ पासून गडावर स्कांदरबेगचे संग्रहालय आहे. भिंती पाहून परतणाऱ्या प्रवाशाने क्षणभर मागे वळून भोवतालचे डोंगरही पाहावेत. क्रुयाचा खरा तट तोच होता.