जॉर्जो मोरांदी

इटली देशात बोलोन्या नावाचे एक प्राचीन नगर आहे. त्या नगरात २० जुलै १८९० रोजी जॉर्जो मोरांदी याचा जन्म झाला.

जॉर्जोला लहानपणापासून चित्रांचा नाद होता. परंतु मुलाने व्यापारात शिरावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी त्याला आपल्या कचेरीत कामास लावले. तेथे त्याचे मन रमेना. अखेर १९०७ साली वडिलांनी त्याला कलाविद्यालयात जाऊ दिले. पुढे दोनच वर्षांनी ते निवर्तले. घरी आई व तीन धाकट्या बहिणी होत्या. १९१४ पासून जॉर्जो प्राथमिक शाळांतून चित्रकला शिकवू लागला व उरलेला वेळ चित्रे काढण्यात घालवू लागला.

त्या काळी इटलीतील अनेक तरुण चित्रकार मोटारी, यंत्रे आणि वेग यांच्या चित्रणात दंग होते. मोरांदीही काही दिवस त्यांच्यात वावरला. पण त्याचे मन ओढ घेई ते घरातील साध्यासुध्या वस्तूंकडे. रिकाम्या बाटल्या, पेले, डबे, फुलदाण्या हेच त्याचे विषय झाले. त्याची निजण्याची खोली हीच त्याची चित्रशाळा होती. बाटल्यांवरील चिठ्ठ्या तो काढून टाकी; काहींची चमक लपविण्यासाठी त्यांना रंग फाशी. त्यांच्यावर बसलेली धूळही तो झटकीत नसे. मग त्या वस्तू पुनःपुन्हा निरनिराळ्या रीतीने मांडून तो त्यांचे निरीक्षण करी.

अम्लाच्या साहाय्याने चित्रे छापण्याची कला त्याने जुने ग्रंथ व रेम्ब्राँसारख्या थोर कलावंतांची चित्रे अभ्यासून आत्मसात केली. या कलेत धातूच्या पत्र्यावर मेणासारखा थर देतात व त्यावर सुईने रेघा ओढतात. पत्रा अम्लात ठेवला, की थर निघालेल्या जागीच धातू झिजतो. त्या खाचांत शाई भरून वर ओलसर कागद ठेवतात आणि यंत्राने दाबतात. चुकलेली रेघ सहजासहजी पुसता येत नाही. म्हणून या कामास धीर व स्थिर हात लागतो. मोरांदी नुसत्या बारीक रेघांच्या जाळीतून छाया निर्माण करी. रेघा दाट तेथे काळोख, विरळ तेथे उजेड, आणि कोरा कागद म्हणजे लख्ख प्रकाश! अशा चित्रांत बाटली ही बाटली उरत नसे. ती एक शांत आकृती होई. डोळ्यांना दिसणाऱ्या जगाइतके अमूर्त दुसरे काहीच नाही, अशी त्याची धारणा होती.

१९३० साली बोलोन्याच्या कलाविद्यालयात तो याच कलेचा प्राध्यापक झाला व १९५६ पर्यंत त्याने ते काम केले. १९४३ साली युद्धकाळात त्याला काही दिवस तुरुंगवासही घडला. तरी त्याची साधना खंडित झाली नाही. पुढे १९४८ साली व्हेनिसच्या प्रदर्शनात चित्रकलेसाठी आणि १९५३ साली ब्राझीलमधील साओ पावलो येथे मुद्राचित्रांसाठी त्याचा गौरव झाला. एवढी कीर्ती मिळूनही त्याची राहणी बदलली नाही. साठी उलटेपर्यंत त्याने इटलीची सीमाही ओलांडली नव्हती.

१८ जून १९६४ रोजी बोलोन्या येथेच त्याचे देहावसान झाले. त्याच्या बाटल्या व डबे पुढे जतन करण्यात आले. बाजारात त्यांचे मोल कवडीचेही नव्हते. परंतु एका माणसाने त्यांच्याकडे जन्मभर लक्षपूर्वक पाहिले, म्हणून जगानेही त्यांच्याकडे पाहिले.