रोझरी न सोडणारा जिप्सी : धन्यवादित सेफेरिनो



रोझरीची माळ आपल्या घरोघरी आहे. ती सोडायला नकार दिला म्हणून ज्यांना प्राण द्यावे लागले, अशा एका साध्या माणसाची ओळख आज आपण करून घेऊ या. त्यांचे नाव सेफेरिनो हिमेनेझ माया. लोक त्यांना प्रेमाने एल पेले म्हणत.

सेफेरिनो रोमा समाजाचे. युरोपात जिप्सी म्हणून हिणवले गेलेले हे भटके लोक मूळचे आपल्याच भारतातले. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज पश्चिमेकडे गेले. रोमा भाषेत आजही कानाला कान आणि नाकाला नाख म्हणतात. परंतु जातील तिथे त्यांच्या कपाळी चोरीचा आळ आला. स्पेनमध्ये १७४९ साली राजाच्या हुकमाने हजारो जिप्सींना एकाच वेळी पकडून, नवरा-बायकोची ताटातूट करून डांबण्यात आले होते.

त्याच स्पेनमध्ये १८६१ साली सेफेरिनो यांचा जन्म झाला. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. बार्बास्त्रो गावी ते खेचरांचा व्यापार करीत. पत्नी तेरेसा हिच्याशी आधी जमातीच्या रीतीप्रमाणे आणि १९१२ साली चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. मूलबाळ नव्हते, म्हणून पत्नीच्या भाचीला त्यांनी लेक मानून वाढवले. एकदा विकत घेतलेली जनावरे चोरीची निघाली आणि त्यांना तुरुंगात जावे लागले. न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. क्षयाने रक्त ओकणाऱ्या एका माजी नगराध्यक्षांना रस्त्यात कोणी हात लावेना, तेव्हा संसर्गाची भीती न बाळगता सेफेरिनो यांनीच त्यांना घरी पोहोचवले. ते रोज मिस्साला जात, गरिबांना मदत करीत आणि मुलांना बायबलच्या गोष्टी सांगत.

१९३६ च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले. बार्बास्त्रोत धर्मगुरूंची धरपकड सुरू झाली. एका तरुण धर्मगुरूला फरफटत नेताना पाहून सेफेरिनो मध्ये पडले. झडतीत त्यांच्या खिशात रोझरी सापडली आणि त्यांनाही अटक झाली. रोझरी देऊन टाक, तुला सोडवतो, असे एका ओळखीच्या पुढाऱ्याने सुचवले. त्यांनी मानले नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांना दफनभूमीपाशी गोळ्या घालण्यात आल्या. रोझरी हातातच होती.

सेफेरिनो मारले गेले ते श्रद्धेसाठी. पुढे दुसऱ्या महायुद्धात तर लाखो रोमा केवळ रोमा म्हणून नाझींच्या हातून मारले गेले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झच्या छावणीत चार हजारांहून अधिक रोमा स्त्री-पुरुष आणि मुलांना विषारी वायूने मारण्यात आले. हा वंशसंहार होता, हे जर्मन सरकारने अधिकृतपणे मान्य केले ते १९८२ साली. तोवर युद्धातून वाचलेल्यांच्या माथ्यावरही जुना गुन्हेगारीचा शिक्का होताच.

४ मे १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी सेफेरिनो यांना धन्यवादित घोषित केले. हा मान मिळालेले ते पहिले रोमा. त्याच दिवशी, त्याच युद्धात मारले गेलेले त्यांचे बिशप फ्लोरेंतिनो आसेन्सियो हेही धन्यवादित झाले. अक्षरशत्रू व्यापारी आणि विद्वान बिशप एकाच वेदीच्या सन्मानाला पोहोचले! २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी रोमानियात ख्रिस्तसभेच्या वतीने रोमा लोकांची क्षमाही मागितली.

ही गोष्ट दूरदेशीची वाटेल. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली आपल्याही देशात आणला होता. पारधी, कैकाडी अशा कितीतरी जमाती त्यात भरडल्या गेल्या. तो १९५२ साली रद्द झाला. कागदावरून गेलेला हा शिक्का मनातून गेला आहे का? आपल्या रायगड किनाऱ्यावर कातकरी बांधव वीटभट्टीवर, शेतात, वाडीत राबतात. वाडीतले नारळ कमी भरले की आपला पहिला संशय कोणावर जातो?

सेफेरिनो यांना न्यायालयाने पुरावा पाहून सोडले, जात पाहून शिक्षा दिली नाही. निदान तेवढा न्याय आपण आपल्या दारी आलेल्या माणसाला देऊ या. आज रात्री घरी रोझरी म्हणताना एक दशक आपल्या भागातील कातकरी कुटुंबांसाठी अर्पण करू या.

धन्यवादित सेफेरिनो, आम्हासाठी विनंती कर.