जगदीशचंद्रांनी बदललेला विषय

मित्रमैत्रिणींनो, बारावीनंतर मेडिकलच्या यादीत नाव लागलेलं असताना मी बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र का घेतलं, हे तुमच्यापैकी निम्म्यांनी मला कधी ना कधी विचारलं आहे. दरवेळी मी हसून वेळ मारून नेली. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा निरोप आला, तेव्हा ठरवलं की आता सांगून टाकावं. पण त्यासाठी आधी आपल्या प्रयोगशाळेतल्या कपाटावरच्या फोटोबद्दल सांगायला हवं.

तो फोटो जगदीशचंद्र बोस यांचा. झाडांना जीव असतो हे सिद्ध करणारे, एवढीच आपल्याला त्यांची ओळख. झाडांना जीव असतो हे तर आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं, त्यासाठी शास्त्रज्ञ कशाला हवा! मेडिकलची यादी लागली त्या आठवड्यात मी शाळेत पेढे द्यायला गेलो होतो. विज्ञानाच्या बाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पेढा घेऊन बोस यांचं एक चरित्र हातात ठेवलं.

जगदीशचंद्रांचा जन्म 30 नोव्हेंबर 1858चा, पूर्व बंगालातला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी, ब्राह्मो समाजाचे. साहेबी नोकरीतल्या माणसानं मुलाला इंग्रजी शाळेत घालायचं, ही तेव्हाची रीत. यांनी मुलाला बंगाली शाळेत घातलं. तिथे बाकावर शेजारी चपराशाचा मुलगा आणि कोळ्याचा मुलगा. पाण्यातल्या जिवांच्या गोष्टी जगदीशचंद्रांनी त्या मुलांकडून ऐकल्या. पुढे कलकत्त्यात हेअर स्कूल, मग सेंट झेवियर्स. तिथले फादर लाफों पदार्थविज्ञान प्रयोग करून शिकवत. असे शिक्षक भेटणं हा नशिबाचा भाग असतो, हे आपल्या बॅचला वेगळं सांगायला नको.

पदवी झाल्यावर जगदीशचंद्रांना विलायतेला जाऊन आय.सी.एस. व्हायचं होतं. घरची स्थिती ओढाताणीची होती. वडिलांनी लोकांच्या भल्यासाठी काढलेल्या उद्योगांत पैसे बुडाले होते, डोक्यावर कर्ज होतं. मोठ्या पगाराची नोकरी मिळाली तर घर सावरेल, हा मुलाचा साधा हिशेब. वडिलांनी नकार दिला. स्वतः जन्मभर सरकारी खुर्चीत बसलेल्या त्या माणसाला मुलानं लोकांवर अधिकार गाजवायला नको होता, त्यानं विद्वान व्हावं अशी त्यांची इच्छा होती. शेवटी डॉक्टरकीवर तडजोड झाली. आधी समुद्रापार पाठवायला तयार नसलेल्या आईनं मग स्वतःचे दागिने मोडायचीही तयारी दाखवली.

1880 मध्ये ते लंडनला गेले. जाण्याआधी आसामच्या जंगलात शिकारीला गेले असताना अंगात ताप शिरला होता. तो काळा आजार असावा. बोटीवर तो बळावला. लंडनमध्ये वैद्यकाचं पहिलं वर्ष सुरू झालं. प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र जमत होतं, पण शवविच्छेदनाच्या खोलीतला वास सहन होईना. तिथे गेलं की ताप उलटायचा. औषधं झाली, गुण आला नाही. अखेर त्यांना वैद्यक सोडायचा सल्ला मिळाला.

मी पुस्तक इथे मिटून ठेवलं होतं, हे आठवतंय. बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, परका देश, घरी कर्ज, आईनं दागिने पुढे केलेले, आणि ज्यासाठी आलो तेच झेपत नाही. हे घरी पत्रात कसं लिहिलं असेल?

मेहुणे आनंदमोहन बोस केंब्रिजच्या ख्राइस्ट्स कॉलेजात शिकलेले, पहिले भारतीय रँग्लर. त्यांच्या ओळखीचा उपयोग झाला आणि 1882 मध्ये जगदीशचंद्रांनी त्याच कॉलेजात निसर्गविज्ञानासाठी नाव घातलं. शिष्यवृत्तीही मिळाली. पण नेमकं काय शिकायचं हे तिथेही लगेच ठरलं नाही. शरीरक्रियाशास्त्र, भ्रूणशास्त्र, भूगर्भशास्त्र, जिथे जमेल तिथे तासाला जाऊन बसायचे. सरतेशेवटी पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र ठरलं. पदार्थविज्ञानाला लॉर्ड रॅले होते, वनस्पतिशास्त्राला सिडनी व्हाइन्स. व्हाइन्स हे नाव लक्षात ठेवा. 1884 मध्ये केंब्रिजची आणि लंडनची, अशा दोन्ही पदव्या घेऊन ते परतले.

पुढचा भाग बहुतेकांना माहीत असतो. 1885 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाले, हिंदी माणसाला गोऱ्यापेक्षा कमी पगार म्हणून तीन वर्षं पगाराला हात लावला नाही, आणि अखेर मागचा सगळा पूर्ण दरानं मिळवला. तो वडिलांच्या कर्जात घातला. कॉलेजातल्या इवल्याशा खोलीत, स्थानिक कारागिराला हाताशी धरून उपकरणं बनवली आणि 1895 मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युतलहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू उडवली. त्यांच्या लहरींची लांबी काही मिलिमीटर इतकी लहान होती.

मला जास्त मोलाचं वाटतं ते याच्या पुढचं. या लहरी टिपणारं उपकरण सतत वापरलं की मंद व्हायचं, विश्रांती दिली की पुन्हा तरतरीत. दुसऱ्या कुणी ते उपकरणाचा दोष म्हणून सोडून दिलं असतं. पण जगदीशचंद्रांनी शरीरक्रियाशास्त्राचे तास केले होते. थकलेल्या स्नायूचा आलेख त्यांना ओळखीचा होता. त्यांनी धातू, झाडाची पानं आणि स्नायू यांना सारखेच धक्के देऊन आलेख काढले. ते एकमेकांसारखे निघाले, विष घातलं की तिन्ही थंडावत.

1901 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांनी हे मांडलं. बर्डन सँडरसन हे शरीरक्रियाशास्त्रातलं मोठं प्रस्थ होतं. बोस यांनी आपल्या पदार्थविज्ञानातच राहावं, अशा अर्थाचं ते बोलले. निबंध छापला गेला नाही. वीस वर्षांपूर्वी ज्या दारातून आजारी होऊन बाहेर पडले होते, तिथूनच पुन्हा परत पाठवल्यासारखं झालं. तेव्हा पुढे आले ते व्हाइन्स, केंब्रिजचे वनस्पतिशास्त्राचे मास्तर. ते त्या वेळी लिनियन सोसायटीचे अध्यक्ष होते. त्यांनी प्रयोग स्वतः पाहिले, आणि 1902 मध्ये बोस यांचं काम त्या सोसायटीनं छापलं.

झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ, लाजाळूवरचे प्रयोग, 1917 मधली कलकत्त्याची बोस संस्था, 1920 मधली रॉयल सोसायटीची फेलोशिप, हे सगळं नंतरचं. त्यांचे काही निष्कर्ष पुराव्याच्या पुढे धावले, हे मी वर्गात मुलांना स्पष्ट सांगतो. पण वनस्पतींत विजेचे संदेश वाहतात, हे त्यांचं म्हणणं टिकलं. 1937 मध्ये गिरिडीहला ते गेले.

पुस्तक मी तीन दिवसांत संपवलं आणि वडिलांना वाचायला दिलं. मेडिकलची फी भरायला त्यांनी पतपेढीत कर्जाचा अर्ज केला होता. त्यांनी रात्री जागून सगळं वाचलं. सकाळी चहा घेताना म्हणाले, अर्ज मागे घेऊन येतो, तू फॉर्म कुठला भरायचा तो आण. पुढे या विषयावर आम्ही दोघं कधीच बोललो नाही. पुस्तक बाईंना परत करायचं राहून गेलं. या मेळाव्याला येताना ते घेऊन येतोय.